दोष डोंगलचा, शिक्षा लिनक्सला

शेतकरी बंधूंनो, आणि ग्रामपंचायतीत संगणकापुढे बसणाऱ्या मंडळींनो, आजचा विषय खताचा नाही की फवारणीचा नाही. पण महाडीबीटीचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा फॉर्म हे सगळे ज्या यंत्रातून जाते ते अडले, की वाडीवस्तीवरून वेळापुरात आलेल्या माणसाचा दिवस जातो आणि गाडीभाडेही जाते. म्हणून लिहितो.

विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. यंत्र धडधाकट असताना नवे का घ्यायचे, म्हणून काही जण उबंटू, मिंट किंवा आपल्या सी-डॅकची बॉस अशी मोफत लिनक्स प्रणाली टाकून पाहतात. यंत्र चांगले पळते, पण वायफाय दिसत नाही. मग कोणीतरी सांगतो, "लिनक्सला वायफाय नसतंय, काढून टाका," आणि चार पैसे घेऊन चोरीची विंडोज टाकून देतो. ज्या यंत्रात गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती भरली जातात, त्यात चोरीची प्रणाली! हा न्याय मला पटत नाही.

विहिरीवरची मोटर बंद पडली तर आपण लगेच पाईप उपसायला घेतो का? आधी डीपीवरचा फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल बघतो. इथेही तसेच आहे.

पहिला प्रश्न एवढाच, की डोंगल यंत्राला दिसते का. टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही अक्षरे इंग्रजीत, लहान लिपीत, सलग टाइप करा. लॅपटॉपच्या आतले कार्ड असेल तर 'एलएसपीसीआय'. यादीत रिअलटेक, मीडियाटेक, ब्रॉडकॉम असे नाव आले, तर यंत्राने डोंगल ओळखले आहे. फक्त त्याला चालवणारा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नाही. नाव आलेच नाही, तर डोंगल मागच्या पोर्टला लावून बघा, दुसऱ्या संगणकावर बघा. तिथेही नाही आले तर डोंगलच गेले, लिनक्सचा काय गुन्हा?

एक गंमत मात्र माहीत असू द्या. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी म्हणून दिसतात, कारण कंपनीने आत विंडोजचा ड्रायव्हर भरून ठेवलेला असतो. ती सीडी 'इजेक्ट' केली, की बऱ्याचदा आतले वायफाय बाहेर येते.

नाव दिसते पण जाळे सापडत नाही, तेव्हा 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्या. दोन शब्दांत जागा सोडा. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' आले तर लॅपटॉपचे वायफायचे बटण कोणीतरी दाबून ठेवले आहे. तेही ठीक असेल तर 'सुडो डीमेसेज' देऊन फर्मवेअर हा शब्द शोधा. कोणती फाईल मिळाली नाही हे यंत्र स्वतः सांगते.

ती फाईल आणायला नेट हवे, आणि नेटच तर नाही! इथे बहुतेक जण हात टेकतात. पण मोबाईल केबलने संगणकाला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले, की लिनक्सला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. उबंटूत आणि मिंटमध्ये ड्रायव्हरची खिडकीच आहे, तिथून ब्रॉडकॉमसारखे ड्रायव्हर टाकता येतात. टाकूनही चालत नसेल, तर बायोसमधला 'सिक्युअर बूट' सही नसलेला ड्रायव्हर अडवतो आहे का ते बघावे. डेबियनवाल्यांनी तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर मूळ प्रतीतच घातले. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीची सीडी टाकून लिनक्सला नावे ठेवू नयेत.

आता सरपंच आणि ग्रामसेवकांना सांगायचे ते खरेदीचे. बियाण्याची पिशवी तीच आणि लॉट वेगळा, हा अनुभव आपल्याला नवा नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, ती लिनक्सवर सरळ चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, खोके जवळपास तेच. तेव्हा कोटेशन मागवताना नुसते 'वायफाय डोंगल, नग १' लिहू नका. चिपचे नाव, आवृत्ती आणि 'लिनक्सवर चालवून दाखवल्यावर बिल' ही अट लिहा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

पण सगळेच संगणक एकदम बदला असेही मी म्हणणार नाही. डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठ्याचे यंत्र जिथे लागते, तिथे त्या कंपनीचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे आधी विचारून घ्यावे. अशी हमी मिळेपर्यंत ते एक यंत्र आहे तसे, परवान्याच्या विंडोजवर राहू द्या. उतारे, अर्ज, पत्रव्यवहार एवढेच काम असलेल्या यंत्रापासून सुरुवात करा. आणि टेबलाच्या खणात मोबाईलची चांगली केबल ठेवा. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमधून टेदरिंग होत नाही.