शिक्षा लहान, पण न चुकणारी

मास्तर आठ दिवस नुसता दम देतो आणि नवव्या दिवशीं फोडून काढतो, तेव्हां पोर सुधारत नाहीं, शाळा सोडतें. तुरुंगाऐवजीं देखरेखीवर सोडलेल्यांचेंही तसेंच होतें. म्हणून हवाई बेटांतील होनोलुलूचे न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनीं २००४ सालीं रीत बदलली: नियम मोडला कीं लागलीच थोड्या दिवसांची कैद, सर्वांस सारखी. २००९ च्या पाहणींत तेथील फेरअटका निम्म्याहून कमी भरल्या. पण अमेरिकेच्याच चार राज्यांत झालेल्या, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एकंदर फरक दिसला नाहीं! शिवाय तीं माणसें प्रौढ होतीं. पोराला तीन दिवस कोंडलें तर तीन दिवसांची शाळा बुडते. तेव्हां मुलांसाठीं कैदेवांचून लहानशी, ठरलेली शिक्षा असावी; आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तिचाही आधीं पडताळा घ्यावा. मुलाचें आयुष्य पाटीवरचें गणित नव्हे. तें पुसून पुन्हां मांडतां येत नाहीं.