एक सोळा अँपिअरचं सॉकेट द्या हो!

"सँडविचवर कोणी लेख लिहितं का?" असं आमच्या मराठी विभागाच्या संपादिकेने मला तोंडावर विचारलं. लिहितं ना! जिला सँडविचपायी ५०० रुपये दंड झालाय, ती नक्की लिहिते.

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठीचा पेपर गाईड पाठ करून दिलेला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि नाही दिसल्या तर त्या संपादिकेने काढल्या असं समजा.

तर गोष्ट मागच्या एप्रिलमधली. रात्रीचे साडेनऊ. सबमिशनच्या नादात जेवण राहिलं होतं आणि मेस नऊला बंद. ब्रेड होता, बटर होतं, काकडी होती, घरून आलेल्या दोन कैऱ्या होत्या. मी सँडविच फॉइलमध्ये गुंडाळलं, टेबलावर जुनी चादर चौपदरी घातली आणि वरून इस्त्री ठेवली. कॉटनवर! सगळं व्यवस्थित चाललं होतं. फक्त एक गोष्ट आमच्या कुठल्याच कॅल्क्युलेशनमध्ये नव्हती. वास. बटर तापल्याचा वास कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून रेक्टर मॅडमना घेऊन आला.

"ही इस्त्री आहे की तवा?" मॅडम म्हणाल्या.

यावर काय बोलणार? इस्त्री जप्त, ५०० रुपयांची पावती, आणि घरी फोन. आई फोनवर आधी ओरडली आणि मग हळूच म्हणाली, "कैरी घातली होतीस का चटणीत?" माझं सँडविच कुठून आलंय हे तिला बरोबर कळलं होतं.

ते आलंय गिरगावातून. आम्ही अकोल्याचे. मे महिना लागला की विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी सीएसटीला उतरायचं (२०१७ मध्ये त्याचं सीएसएमटी झालं, पण आमच्या घरात अजून सीएसटीच), आणि टॅक्सीने आजोळी. चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सुट्टीत तिथे आम्ही सहा भावंडं. अकोल्याच्या मेमधून आलेल्या पोरीला मुंबईचा उन्हाळा म्हणजे घामच घाम, पण शनिवारी मामा लवकर घरी यायचा आणि येताना स्लाइस ब्रेड आणायचा. मग आजी वरच्या फळीवरून टोस्टर काढायची. हा टोस्टर विजेचा नाही हं. अॅल्युमिनियमच्या दोन चौकोनी झाकणांचा, लांब दांड्यांचा, गॅसवर धरून उलटा-पालटा करायचा. मुंबईत रस्त्यावरचे सँडविचवाले शेगडीवर धरतात तोच. एका वेळी एकच सँडविच होतं. नंबर वयाप्रमाणे. मी सगळ्यांत धाकटी, म्हणजे सहावी!

पहिली दोन वर्षं मी यावरून रडले. मग लक्षात आलं की पहिलं सँडविच नेहमी फिकट निघतं, आणि सहाव्यापर्यंत टोस्टर असा काही तापलेला असतो की ब्रेड खरपूस, करकरीत. पुढे मोठ्या ताईने नंबर बदलून मागितला तेव्हा मी साफ नाही म्हणाले. हीट ट्रान्सफर शिकायच्या आधीचं हे माझं पहिलं ऑब्झर्वेशन.

आजीची कृती सांगते, कारण तिच्यात आपल्या निम्म्या सिलॅबसपेक्षा जास्त अक्कल आहे. चटणी कोथिंबीर, थोडा पुदिना, हिरवी मिरची, जिरं, मीठ आणि किंचित साखरेची. मे महिन्यात लिंबू सोन्याच्या भावाने, म्हणून लिंबाऐवजी कैरी. चटणी वाटताना त्यात मूठभर डाळं, म्हणजे ती घट्ट होते, पाणी सोडत नाही. ब्रेडला आधी बटर, त्यावर चटणी. उलटं केलंत तर संपलं! बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो. तो थर मध्ये असला की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये शिरत नाही. मग ब्रेडलगत दोन्ही बाजूंना उकडलेला बटाटा, आणि काकडी, टोमॅटो, कांदा अशी पाणीदार मंडळी मधोमध. मीठ-मसाला अगदी शेवटी, टोस्टर बंद करायच्या क्षणी, कारण मीठ लागलं की काकडी रडायला लागते. (ऑस्मॉसिस. आजीची शाळा चौथीपर्यंत.) बीट घालायचं की नाही यावर मामा आणि आजीचं दरवर्षी भांडण व्हायचं. माझं मत आजीच्या बाजूने: घालू नये, सगळं गुलाबी होतं.

जोपर्यंत ब्रेडच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. ते उडून गेलं की १४० च्या पुढे ब्रेड तांबूस व्हायला लागतो आणि तो वास सुटतो... तोच, कॉरिडॉरवाला.

आजी २०१९ मध्ये गेली. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, मामा-मामी डोंबिवलीला. मी इंजिनिअरिंगला आले तेव्हा मामीने टोस्टर पेपरात गुंडाळून माझ्या बॅगेत टाकला. "घे गं, आमच्याकडे आता विजेचा आहे. तूच सहाव्या नंबरची." तो घेऊन मी हॉस्टेलवर आले आणि इथे गॅसच नाही! एका सीनियरकडे (नाव विचारू नका) लपवलेला इंडक्शन होता. त्यावर ठेवला. टूं टूं टूं. अॅल्युमिनियम! ते इंडक्शनला दिसतच नाही, लोखंडाचं भांडं लागतं. आणि हे मला, इलेक्ट्रिकलच्या मुलीला, टोस्टर ठेवल्यावर आठवलं. इस्त्रीपर्यंत मी अशी पोचले.

आता मुद्द्याचं बोलते. दंड चुकीचा होता असं मी म्हणत नाही. इस्त्रीखाली कापड, वर फॉइल, शेजारी जर्नल्सचा ढीग, आणि आम्ही दोघी गप्पांत. आग लागायला आणखी काय लागतं? वायरिंगचा हिशोबही मॅडमच्याच बाजूने आहे. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टला ४.३ अँपिअर घेते. खोलीतलं सॉकेट ६ अँपिअरचं. १५०० वॅटची किटली लावलीत तर ६.५, म्हणजे मर्यादेबाहेर. आमच्या मजल्यावर २० खोल्या आहेत. सगळ्यांनी एकदम इस्त्र्या लावल्या तर ८७ अँपिअर होतात. जुन्या इमारतीच्या वायरिंगने हे का सोसावं?

पण बंदी आणि दंड एवढ्यावर विषय संपतो, हे मला पटत नाही. भूक काही रात्री नऊला मेसबरोबर बंद होत नाही. लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी ठेवायची, आणि तिथून येणाऱ्या मुलीने काय खायचं? बिस्किटं. गेल्या सेमिस्टरला माझी रूममेट व्हायव्हाच्या आदल्या दोन रात्री बिस्किटांवर होती आणि सकाळी लॅबच्या दारात चक्कर येऊन पडली. त्याचा दंड कोणाला लावायचा? आणि बंदी असून मजल्यावर किती किटल्या आहेत हे मला ठाऊक आहे, मॅडमनाही ठाऊक असावं. त्या पलंगाखाली, कपड्यांच्या मागे चालतात. बंदीने धोका गेला नाही, तो नजरेआड गेला.

म्हणून माझी मागणी एवढीच: प्रत्येक मजल्यावर नाही, अख्ख्या हॉस्टेलला एक पँट्री. तळमजल्यावरची ती मोडक्या खुर्च्यांची खोली चालेल. तिथे १६ अँपिअरचं एक सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी, आणि एक साधा ७५० वॅटचा ग्रिलर. पाच मिनिटांत एक सँडविच. म्हणजे ०.०६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी साठ-बासष्ट पैसे. रोज ४० सँडविच झाली तर दिवसाला २५ रुपये, आणि ते आम्ही भरू.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं आहे, "आज सँडविच, उद्या बिर्याणी!" त्यावर माझं म्हणणं असं की पँट्रीत फक्त ग्रिलर ठेवा, शेगडी ठेवूच नका. बिर्याणी ग्रिलरमध्ये होत नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: साफसफाई कोण करणार? इथे मी जरा गप्प बसते, कारण कॉमन फ्रिजचं आपण काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या एका डब्याला तर बुरशीमुळे स्वतःचा रोल नंबर द्यायची वेळ आली होती. वहीत नाव लिहून वापरायचं, पुसला नाही तर आठवडाभर बंद, असा नियम करता येईल. तो पाळला जाईल की नाही याची गॅरंटी मी कशी देऊ? पण तीन महिने करून तर बघा. नाही जमलं तर काढून टाका, मी पुन्हा लेख लिहिणार नाही.

अर्ज तयार आहे, त्यावर सध्या ४३ सह्या आहेत, आणि तो मेसच्या बोर्डाशेजारी माझ्या खोलीत मिळेल. कैऱ्या जूनपर्यंत टिकतात, तेव्हा प्लीज लवकर. पहिलं सँडविच रेक्टर मॅडमना, कमी तिखट. मी सहाव्या नंबरला थांबेन.