ट्रेमोलो, पाचर आणि ‘मूळ संहिते’चा मोह

“वाद्यात फेरफार करणे म्हणजे संहितेत प्रक्षेप करणे,” असे विधान आमच्या विभागातील एका सहकाऱ्यांनी गेल्या सत्रात केले. निमित्त माझ्याच घरातील एका इलेक्ट्रिक गिटारचे होते. माझे थोरले बंधू ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. 1983 साली त्यांनी मुंबईत, सिनेमाच्या वाद्यवृंदातून निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या एका गोवेकर वादकाकडून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर विकत घेतली. दादा गेल्यानंतर ती विकावी काय, असा प्रश्न घरात निघाला. जुन्या वाद्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ येऊन ती पाहून गेले आणि त्यांनी तीन अटी घातल्या. दादांनी बदललेल्या खुंट्या काढून त्या काळच्या मूळ खुंट्या बसवाव्यात, जादा स्विचसाठी पाडलेले भोक बुजवावे आणि मागच्या पोकळीत ठोकलेली लाकडी पाचर उपसून टाकावी. वाद्य ‘मूळ बरहुकूम’ झाले की मग भावाचे बोलू, असे ते म्हणाले. हे सगळे मी स्टाफरूममध्ये तक्रारीच्या सुरात सांगितले, तेव्हा पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी त्या गृहस्थांचीच बाजू घेतली. प्रस्तुत लेख हा त्या विधानाचा प्रतिवाद आहे.

प्रथम ज्या ‘मूळ’विषयी आपण बोलत आहोत, ते काय आहे हे पाहू. स्ट्रॅटोकास्टर 1954 साली बाजारात आली. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांच्या कारखान्यात ती घडली. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत, म्हणून त्यांना वादकांचे ऐकावेच लागे. बिल कार्सन यांच्यासारखे वादक नमुना घेऊन जात, कार्यक्रमात वाजवून पाहत आणि तक्रारी घेऊन परत येत. या गिटारची सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे तिची घोडी. तारांचा आधार असलेली धातूची पट्टी सहा स्क्रूंच्या टेकूवर तराजूच्या दांडीसारखी झुलते. पट्टीखाली एक जड ठोकळा असतो, तारा त्याच्यातून ओवलेल्या असतात आणि मागच्या पोकळीतील स्प्रिंगा त्याला विरुद्ध बाजूने ओढून धरतात. नेहमीच्या जाडीच्या सहा तारांची मिळून ओढ सुमारे 45 किलो भरते. तेवढीच ओढ स्प्रिंगांनी दिली की घोडी तरंगती राहते. तिला जोडलेली दांडी दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होऊन स्वर खाली घसरतात. सोडली की स्वर जागेवर येतो, निदान यावा अशी अपेक्षा असते.

ही रचना फेंडर यांच्या पहिल्या प्रयत्नात साधलेली नाही. आधीची एक रचना तयार झाली होती. तिच्यात स्वर टिकेना, तेव्हा ती संपूर्ण रद्द करण्यात आली. म्हणजे ज्याला आज मूळ संहिता म्हणून मखरात बसवले जाते, तो मुळात दुसरा खर्डा आहे. त्याच्याही आधी 1930च्या दशकात डॉक कॉफमन यांनी अशी युक्ती केली होती आणि पॉल बिग्सबी यांनीही आपली घोडी बसवायला सुरुवात केली होती. पुढे 1965 साली कंपनीच विकली गेली. 1970च्या दशकात ठोकळ्याचा धातू बदलला आणि मानेला चारऐवजी तीन स्क्रू आले. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात सहा स्क्रूंच्या जागी दोनच टेकू असलेली घोडी कंपनीने स्वतःहून आणली. या परंपरेतील नेमका कोणता पाठ प्रमाण मानायचा, हे आमच्या सहकाऱ्यांनी सांगावे.

आम्ही भाषेची माणसे असल्याने नावाचाही विचार केला पाहिजे. या घोडीला ‘ट्रेमोलो’ म्हणतात आणि ते सरळसरळ चूक आहे. पाश्चात्त्य संगीतात ट्रेमोलो म्हणजे ध्वनीच्या लहानमोठेपणाचा किंवा एकाच स्वराच्या जलद पुनरावृत्तीचा कंप. स्वराची उंची हलवणे याला व्हिब्राटो म्हणतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर दांडीचे काम आंदोलनाच्या आणि मींडेच्या अंगाने जाणारे आहे. फेंडर यांनी पेटंटातही ‘ट्रेमोलो’ हाच शब्द वापरला. ते पेटंट 1956 साली मंजूर झाले. गंमत अशी, की त्याच कंपनीच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरवर ज्या बटणाने ध्वनीचा लहानमोठेपणा हलतो, त्याला ‘व्हिब्राटो’ असे छापलेले असते. दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि सत्तर वर्षे जग तीच चालवत आहे. शास्त्रापेक्षा रूढी बलवत्तर, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो. मग ज्या वाद्याचे नावसुद्धा वापरणाऱ्यांनी चुकीचेच रूढ केले, त्या वाद्याच्या बाबतीत वापरणाऱ्याला ‘तू हात लावू नकोस’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता वापरणाऱ्यांकडे वळू. जिमी हेन्ड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर त्याने उलटी धरली, तारा उलट्या क्रमाने चढवल्या आणि खाली असायची ती दांडी वर आली. ऑगस्ट 1969 मध्ये वुडस्टॉक येथे त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा त्या दांडीने स्वर इतके खाली ओढले की ऐकणाऱ्यांना त्यात व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीचा आवाज ऐकू आला. जेफ बेकने याच दांडीवर उलट दिशेने काम केले. 1989 सालच्या ‘व्हेअर वेअर यू’ या रचनेत तो हार्मोनिक छेडून दांडीच्या बारीक हालचालीने स्वरापासून स्वरापर्यंत जातो. गळ्यातून निघावी तशी ती धून येते. ब्रायन मे याने, म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या साथीदाराने, 1960च्या दशकात वडिलांच्या मदतीने घरीच गिटार घडवली. तिच्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि आईच्या विणकामाच्या सुईचे टोक वापरले.

एरिक क्लॅप्टनचे उदाहरण तर आमच्या वादाच्या मुळावरच बोट ठेवते. 1970 साली त्याने नॅशव्हिल येथे जुन्या स्ट्रॅटोकास्टर विकत घेतल्या. काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम तेवढे भाग जोडून एक गिटार बनवली. तिला ‘ब्लॅकी’ म्हणतात. दांडी त्याला नको होती, म्हणून त्याने घोडी लाकडाच्या तुकड्याने जाम करून टाकली. ही तीन ठिकाणची जोडगोळी, जिच्यात पाचरही आहे, 2004 साली लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. जादा भोक आणि पाचर यांमुळे भाव पडतो, असे आम्हाला सांगणाऱ्या बाजाराचाच हा हिशेब आहे. याचा अर्थ उघड आहे. बाजाराला फेरफाराचा राग नाही, निनावी माणसाने केलेल्या फेरफाराचा राग आहे. क्लॅप्टनने मारलेली पाचर इतिहास ठरते आणि आमच्या दादाने मारलेली पाचर बिघाड.

याच्याही पुढची पायरी पाहा. एडी व्हॅन हॅलनने स्वस्तात मिळालेले धड आणि मान जोडली, त्यात गिब्सनच्या गिटारीतला पिकअप बसवला, सायकलचा रंग फवारला आणि पुढे फ्लॉइड रोझ यांनी शोधलेली, तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारी घोडी लावली. त्या घोडीपाशी त्याने 1971 सालचे पाव डॉलरचे नाणे स्क्रूने ठोकले, कारण त्या जागी तेवढ्या जाडीचा आधार हवा होता आणि नाणे हाताशी होते. 2007 साली या गिटारच्या हुबेहूब 300 प्रती निघाल्या. किंमत प्रत्येकी 25,000 डॉलर. ओरखडे, डाग आणि 1971 सालचेच नाणे यांसकट. हाताशी असलेल्या वस्तूने अडचण सोडवण्याची वृत्ती हे त्या गिटारचे मर्म होते. प्रतीत नाणे आले, वृत्ती मात्र आली नाही. 1995 पासून तर कारखान्यातूनच झिजवून, खरवडून काढलेल्या ‘रेलिक’ गिटारी विकल्या जातात. न वाजवलेल्या वाद्यावर वाजवल्याच्या खुणा उमटवून त्या जादा दराने विकणाऱ्या बाजाराने आमच्या घरच्या खऱ्या खुणा बुजवायला सांगाव्यात, यातला विनोद आमच्या सहकाऱ्यांना दिसू नये याचे आश्चर्य वाटते.

आता संहितेचा मुद्दा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि यापुढे कोणी तिच्यात भर घालू नये असे बजावले. त्या उदाहरणाचा आधार आमच्या सहकाऱ्यांनी घेतला होता. परंतु एकनाथांची प्रत हीदेखील एक संपादित प्रत आहे. म्हणूनच 1909 मध्ये राजवाडे यांना आपल्या मते त्याहून जुनी असलेली संहिता छापावीशी वाटली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. शिवाय चांगला संपादक पाठभेद पुसत नाही. तळटीपेत का होईना, त्यांची नोंद ठेवतो. वाद्य ‘मूळ बरहुकूम’ करणारा मात्र सगळे पाठभेद उपसून कचऱ्यात टाकतो आणि वर आपण शुद्धीकरण केले असे म्हणतो. त्याला पाठचिकित्सा म्हणणे हा पाठचिकित्सेचाच अपमान आहे. आणि मुळात वाद्य ही संहिता आहे काय? संहिता कोणी न वाचताही पोथीत टिकून राहते. वाद्य वाजवले नाही तर ते लाकूड आणि तार एवढेच उरते. स्ट्राडिव्हरीच्या आज वाजवल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व व्हायोलिनींच्या माना नंतरच्या काळात बदललेल्या आहेत, कारण सभागृहे मोठी झाली आणि आवाज मोठा हवा झाला. त्या माना बदलल्या नसत्या तर ती व्हायोलिने काचेच्या कपाटात राहिली असती.

माझ्या भूमिकेवर घेता येतील असे दोन आक्षेप मला मान्य आहेत. पहिला, काही फेरफार परत फिरवता येत नाहीत. फ्लॉइड रोझ बसवण्यासाठी जुन्या गिटारचे लाकूड कोरले की ते कोरलेच. तेथे हात जपून चालवावा, हे खरे. दुसरा, आजकाल बदल करणे हेही खरेदीचेच एक निमित्त झाले आहे. कोणी पितळेचा ठोकळा घेतो, कोणी टायटॅनियमचा, आणि स्वर हलण्याचे खरे कारण बहुधा मानेच्या टोकाशी, तार अडकणाऱ्या खाचेत असते. तेथे पेन्सिलीचे शिसे घासले तरी पुष्कळदा काम भागते. वाजवण्यातील अडचणीतून जो बदल निघत नाही, तो माझ्या लेखी रेलिकच्या ओरखड्यांहून वेगळा नाही.

दादाची अडचण खरी होती. तरंगत्या घोडीवर एक तार बोटाने ताणली की बाकीच्या उतरतात आणि एक तार तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात. ऑर्केस्ट्रात गाणे मध्येच थांबवता येत नाही, दुसरी गिटार घेण्याची ऐपत नव्हती, आणि एका रात्रीत तीस-पस्तीस गाणी असत. म्हणून त्याने ठोकळा आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये सागाची पाचर मारली. पस्तीस वर्षे ती गिटार गावोगावच्या मांडवांत सुरात राहिली ती त्या पाचरीमुळे. ही पाचर काढणे म्हणजे त्याचे वाजवणे खोडून काढणे आहे, असे मी घरात ठणकावून सांगितले. गिटार विकायची नाही असे ठरले आणि वहिनींनी ती पुतण्याच्या हाती दिली.

महिन्याभराने पुतण्या मला म्हणाला, “काका, बाबांना दांडी नको होती. मला हवी आहे. पाचर काढू का?”

मी काही वेळ गप्प बसलो. वर जे सगळे लिहिले आहे ते मी तोवर मनात अनेकदा मांडून पाहिले होते, आणि त्यातल्या एकाही वाक्यात त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. दादाची पाचर आता पूज्य म्हणून तशीच ठेवा, असे म्हटले असते तर मीही त्या व्यापारी गृहस्थांच्याच पंगतीला जाऊन बसलो असतो; फक्त माझे ‘मूळ’ 1954 सालचे नसून 1983 सालचे असते, एवढाच फरक. मी त्याला काढ म्हणालो. पाचरीसोबत घडी करून खोचलेले एसटीचे एक तिकीट निघाले. जाडी थोडी कमी पडत असावी. तिकीट आणि पाचर पुतण्याने गिटारच्या पेटीत, तारांच्या पाकिटाशेजारी ठेवली आहेत. आमच्या सहकाऱ्यांना तळटीप हवी असेल, तर ती तेथे आहे.

पुतण्याची गिटार सध्या दर दोन गाण्यांनंतर उतरते. तो स्प्रिंगा आवळतो, सैल करतो, खाचेत पेन्सिल घासतो आणि पुन्हा वाजवतो. त्याला यातून काय सापडेल, हे मला सांगता येणार नाही. पण ते सापडायचे असेल तर वाद्य त्याच्या हातात असले पाहिजे आणि त्याला हात लावण्याची मुभाही असली पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांना आपण संहिता देतो ती कशा रीतीने देतो, याचाही विचार यानिमित्ताने विभागात व्हावा, एवढी विनंती आहे.