दोन ट्रॉल्या आणि एक ब्रेक

आमच्या टीममधल्या एकाच्या डोक्यात सध्या नवीन खूळ शिरलंय. मॅन्युअल गिअरची पिकअप घ्यायची, तिच्यामागे कॅराव्हॅन जोडायची आणि सुट्टी टाकून हिंडत सुटायचं. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. परदेशी व्हिडिओ बघून बघून त्याला हे सुचलंय, आणि गेले दोन आठवडे लंचला मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा एकच विषय चालू आहे. (त्याआधीचे दोन आठवडे घर विकत घ्यावं की भाड्यानं राहावं हा होता. त्यापेक्षा हा बरा.)

खूळ म्हणालो खरं, पण अगदीच हवेतलं नाही. 2021 साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 पासून आपल्याकडे आहे, टोयोटाची हायलक्स 2022 ला आली. या हायलक्सची गंमत बघा. इंजिन तेच, 2.8 लिटर डिझेल, पण मॅन्युअलला टॉर्क 420 न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला 500. म्हणजे "ओढायला मॅन्युअलच पाहिजे" ही आपली पिढीजात समजूत कंपनीनंच मोडीत काढली. चढावर जागेवरून गाडी उचलताना ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर तेलातून जोर वाढवून देतो. मॅन्युअलमध्ये तेच काम तुम्ही क्लच अर्धा दाबून धरून करता, आणि थोड्या वेळानं जळका वास यायला लागतो.

आता माझा यात काय संबंध? मी शिरोळचा. आमच्याकडे ओढणे या विषयात गावातलं शेंबडं पोरसुद्धा डिप्लोमा होल्डर असतं. कृष्णा आणि पंचगंगेच्या मधली काळी जमीन, जिकडे बघाल तिकडे ऊस, आणि गावातच श्री दत्त साखर कारखाना. गाळप सुरू झालं की तीन-चार महिने रस्त्यावर एकच वाहन दिसतं : ट्रॅक्टर, मागे एक ट्रॉली, तिच्यामागे दुसरी ट्रॉली. दोन्हींवर घराएवढा ऊस आणि ट्रॅक्टरवर लग्नाच्या वरातीत शोभतील असले स्पीकर.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. वीसेक हंगाम त्यांनी ट्रॅक्टर चालवलाय. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यांना ही कॅराव्हॅनची भानगड सांगितली. पहिल्यांदा त्यांना पटेचना, की लोक हौसेनं घर मागं बांधून हिंडतात. मग विचारलं, "मागच्या गाडीला बिरेक असतोय का?" मी म्हटलं, असतो. तर म्हणाले, "मग काय, खेळणंच की ते. वढायला काय, म्हैस बी वढतीया. थांबवायला लागतंय बाळ."

या एका वाक्यावर मी सुट्टीचे उरलेले दिवस आकडेमोड करत बसलो. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतलं काहीतरी वापरायला मिळालं, त्याचाही आनंद असतोच.)

आधी ट्रॅक्टर कसा असतो ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांनी तो फक्त शिव्या देण्यापुरता पाहिलेला असतो. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. तेही दोन वेगवेगळे पेडल, डाव्या चाकाचा एक, उजव्याचा एक. शेतात सरीच्या टोकाला जागेवर वळायचं तर एकाच बाजूचं चाक धरायचं, त्यासाठी ही सोय. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल कडी घालून जोडायचे असतात. कडी राहिली आणि घाईत एकच पेडल दाबला गेला, की संपलं. गिअरचंही तसंच. हाय आणि लोची दांडी वेगळी, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत वजन मागे असताना चालत्या गाडीत खालचा गिअर पडत नाही. म्हणून उतार यायच्या आधीच तो टाकून ठेवायचा. अण्णांच्या भाषेत, "ज्या गिअरनं चढला असतास त्याच गिअरनं उतरायचं." डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे असतात, त्यांच्याबद्दल अण्णा जे बोलतात ते इथे छापण्यासारखं नाही.

चढाचा प्रकार आणखी वेगळा. मागून ओढ बसली की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, पुढची चाकं हवेत, आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही. असले व्हिडिओ लाखो लोकांनी टाळ्या वाजवत पाहिलेत. आत बसलेल्याला त्या वेळी टाळ्या ऐकू येत नसाव्यात.

आता आकडे. धरून चाला ट्रॅक्टर सव्वादोन टनाच्या आत-बाहेर, दोन चारचाकी ट्रॉल्या मिळून चार टन आणि त्यावर सोळा टन ऊस. एकूण बावीस. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर साधारण 1.6 टन भार. कोरड्या डांबरीवर टायरची पकड 0.7 धरली, तर ही चाकं जास्तीत जास्त 11 किलोन्यूटन जोर लावून रस्ता धरू शकतात. त्यापेक्षा जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन घसरतात, आणि मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत आडवा करतात. 11 किलोन्यूटनला बावीस टनांनी भागा. उत्तर येतं सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद. ताशी 20 किलोमीटरच्या वेगाला, म्हणजे सायकलच्या वेगाला, हे धूड थांबायला 31 मीटर लागतात. त्यात ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. ताशी 30 ला हाच आकडा 70 मीटरच्या घरात जातो. तुमची कार तेवढ्याच वेगाला पाच-सहा मीटरमध्ये उभी राहते.

हे झालं सपाट रस्त्यावर. तीसास एक असा उतार असेल, जो तुम्हाला कारमध्ये जाणवणारसुद्धा नाही, तर ताशी 20 ला थांबायला सुमारे नव्वद मीटर. आणि वीसास एक उतार असेल तर हा ट्रॅक्टर थांबतच नाही. उतार जेवढं ओढतो जवळपास तेवढंच ब्रेक धरतो, हिशेब शून्यावर येतो. इथे गिअर कितीही खालचा टाका, तो जोर शेवटी त्याच दोन चाकांतून रस्त्यावर जातो. खालच्या गिअरनं एवढंच होतं की वेग मुळात वाढत नाही आणि ब्रेक तापत नाहीत. पण तेवढ्यावरच ड्रायव्हर लोक वर्षानुवर्षं निभावून नेतात. शिरोळ तालुका तसा सपाट, त्यामुळे निभतंही. पण नदीकडे उतरणारे रस्ते आहेत, पुलांचे भराव आहेत, आणि त्या पुलाच्या टोकाला कुणीतरी स्कूटीवर पोराला शाळेत सोडायला निघालेलं आहे.

आता मुद्द्याचं. बहुतेक उसाच्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. आमच्या मित्राला हवी असलेली दीड टनाची हौसेची खोली तिथे ब्रेकशिवाय रस्त्यावर येऊच शकत नाही. अमेरिकेत कॅराव्हॅनच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि पुढच्या ड्रायव्हरच्या हाताशी त्यांचा कंट्रोल. आणि इथे दहा-दहा टनांच्या दोन ट्रॉल्या एका पिनेवर लटकून चालल्यात!

ट्रॉल्यांना ब्रेक बसवले तर काय होईल? अगदी साधे धरू, ट्रॉल्यांच्या वजनाच्या फक्त एक पंचमांश जोर लावणारे. ते 31 मीटर सातच्या आत येतात. यात कुठलं रॉकेट सायन्स नाही. उचलणारी ट्रॉली ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर उचलली जाते, पाइप जोडायची सवय सगळ्यांना आहे. ब्रेकला वेगळा व्हॉल्व्ह लागेल, ड्रम लागतील, खर्च येईल. पण हे जगात रोज चालणारं तंत्र आहे.

मग होत का नाही? माझं मत असं, की आपण चुकीच्या माणसावर ओरडतोय. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर ट्रॉलीमागे अडकलेला कारवाला म्हणतो, यांना रस्त्यावर येऊच देऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. रिफ्लेक्टर हवेतच, रात्री ट्रॉलीवर मागून आदळून माणसं जातात. पण रिफ्लेक्टर ट्रॉलीला मागच्यापासून वाचवतो. पुढच्याला ट्रॉलीपासून कोण वाचवणार?

ड्रायव्हरला पैसे टनावर आणि अंतरावर सुटतात. वाहनमालकाच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता, टोळीच्या मुकादमाला दिलेली उचल, कारखान्यावर नंबर लागेपर्यंत तासन् तास थांबणं. एका ट्रॉलीत हे भागत नाही, म्हणून दोन. दोनमध्ये भागत नाही, म्हणून वर आणखी चार मोळ्या. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं जादा वजनाला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2 हजार असा दंड आहे. तो लावायला रस्त्यावर काटा घेऊन उभं राहायची गरजच नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचं वजन होतं, भरलेलं आणि रिकामं, आणि ते कॉम्प्युटरमध्ये जातं, कारण त्यावरच शेतकऱ्याचं बिल निघतं. कोणत्या ट्रॉलीनं कोणत्या दिवशी किती ओढलं, हे काढायला आमच्यातल्या ज्युनिअर पोराला एक क्वेरी आणि पाच मिनिटं लागतील. माहिती आहे, ती त्या कामासाठी कुणाला नको आहे, एवढंच.

आणि खर्चाचं म्हणाल, तर तो शेवटी शेतकऱ्याच्या माथी येईल हा आक्षेप खोटा नाही. एफआरपीमधून तोडणी-वाहतूक कापूनच त्याच्या हातात पैसे पडतात. माझ्या वडिलांचाही ऊस जातो, त्यामुळे मी हे आरामखुर्चीतून बोलत नाहीये. पण स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद दरवर्षी आमच्या शेजारी जयसिंगपूरला भरते, दराचे ठराव होतात, कारखाने हादरतात. वाहतुकीच्या कापलेल्या पैशात ब्रेक असलेली ट्रॉली मिळाली पाहिजे, असाही एक ठराव तिथून का येऊ नये? पैसे कापलेच जाणार असतील तर त्यात निदान ब्रेक तरी यावा.

रस्ता मला एकच दिसतो. हंगामाच्या आधी कारखाने वाहनमालकांशी करार करतात, उचल देतात. त्या करारात एक ओळ घालायची : या वर्षी मागच्या ट्रॉलीला ब्रेक, पुढच्या वर्षी दोन्हींना. खर्च उचलीत धरायचा आणि तीन हंगामांत फेडून घ्यायचा. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीला काट्यावर घ्यायचं नाही. पोलिस, आरटीओ, सप्ताह, पंधरवडा, कशाचीच गरज नाही. काट्यावर घेतलं नाही तर ट्रॉली गव्हाणीपर्यंत पोचत नाही, आणि तिथे पोचली नाही तर बिल निघत नाही.

हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मागच्या ट्रॉलीला आधी बसवा म्हणतोस ते बराबर हाय. पुढचीला एकटीला बसवला तर मागची तिच्यावर चढतीया." करार उन्हाळ्यापासून सुरू होतात. तोपर्यंत हा मसुदा मराठीत एका पानात बसवून, आमच्या भागातल्या दोन-तीन संचालकांच्या हातात द्यायचा विचार आहे. कुणी वाचकांपैकी ट्रेलर ब्रेकचं काम करत असेल तर मला एका ट्रॉलीचा खरा खर्च हवाय, लेबरसकट.