मुर्गी मेरी, अंडा मेरा, लायसन किसका?

आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात एक खाला गावरान अंडी विकायला बसायच्या. घरी पंधरा-वीस कोंबड्या. खुडूक कोंबडीखाली ठेवायची ती बाजूला काढून उरलेली अंडी भुसा घातलेल्या टोपलीतून आणायची आणि त्या पैशांत तेल-मीठ न्यायचे. मध्यंतरी पावती फाडणाऱ्यासोबत आलेल्या एका साहेबाने विचारले, "फूड लायसन्स आहे का?" खाला म्हणाल्या, "मुर्गी मेरी, अंडा मेरा, फिर लायसन किसका?" लोक हसले. साहेबही हसला, पण टोपली उचलायला लावलीच.

यात हसण्यासारखे काय होते? कायदा खालांच्याच बाजूने आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006, कलम 18(3) वाचा: शेतकरी, शेतीचे काम, पशुधन यांना हा कायदा लागू नाही. 'प्राथमिक अन्ना'च्या व्याख्येतूनही शेतकऱ्याच्या हातातला माल वगळला आहे. पण आपल्याकडे शेतकरी म्हणजे सातबारा नावावर असलेला पुरुष! मग भूमिहीन बाई कोंबड्या पाळूनही शेतकरी ठरत नाही, ती व्यापारी ठरते.

हे खरे की शेजारणींची अंडी विकत घेऊन विकली तर नोंदणी लागते. 2011 मध्ये आलेल्या विनियमांत 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला परवाना नव्हे, वर्षाला 100 रुपयांची साधी नोंदणी सांगितली होती. नोंदणी करायला माझा विरोध नाही. पण फॉर्म ऑनलाइन, आणि तो भरून देणारा सेंटरवाला फीपेक्षा जास्त घेतो. त्याच विनियमांनुसार राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त पंचायतीच्या अधिकाऱ्यालाही नोंदणीचा अधिकार देऊ शकतात. मग ग्रामसेवकाने बाजाराच्या दिवशी टेबल टाकून बसायला काय हरकत आहे?

"लोकांच्या आरोग्याचे काय?" असे विचारणाऱ्यांनी अमेरिका पाहावी. 2010 मध्ये तिथे साल्मोनेलामुळे 50 कोटींहून अधिक अंडी परत मागवावी लागली. ती आयोवातल्या अवाढव्य फार्मची होती. त्याच वर्षी लागू झालेल्या तिथल्या केंद्रीय नियमातून 3000 पेक्षा कमी कोंबड्या असणारे वगळलेले आहेत. जंतू टोपलीतही असू शकतो, मान्य. पण टोपलीतले अंडे चार घरांत जाते, ट्रकमधले चार राज्यांत.

तपासायचेच असेल तर रंगवलेली, किंवा संकरित कोंबडीची तपकिरी अंडी 'गावरान' म्हणून विकणाऱ्यांना तपासा. तिथे साहेबांची नजर का जात नाही?

खाला आता बाजारात येत नाहीत. एक व्यापारी घरी येऊन अंडी नेतो, नगामागे तीन रुपये कमी देतो, आणि त्याच बाजारात, त्याच जागेवर बसून विकतो. त्याला अजून कोणी काही विचारलेले नाही.