आधी झोपेची तपासणी, मग मशीन!

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, तर हृदयाचा पंप अशक्त होणं. अशा पेशंटचा ईसीजी होतो, इको होतो, अँजिओग्राफीही होते. पण तो रात्री झोपतो कसा, हे कुणी विचारत नाही. यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे.

जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात घरंच्या घरं गच्चीवर झोपतात. आबांचं घोरणं शेजारच्या गच्चीपर्यंत ऐकू जातं. मध्येच थांबतं, मग दचकून पुन्हा सुरू होतं. घरचे म्हणतात, "किती गाढ झोपलेत!"

ही गाढ झोप नाही. तेवढा वेळ श्वास थांबलेला असतो. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, बीपी वर चढतं आणि थकलेल्या हृदयाला रात्रीही विश्रांती मिळत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा या आजाराचं नाव पेपरांत आलं. लोक जागे झाले, हे चांगलंच. पण आता दुसरं टोक दिसतं: "तपासणीवर कशाला खर्च? तेच पैसे मशीनला लावू."

माझा विरोध याला आहे. कारण श्वास दोन प्रकारांनी थांबतो. पहिल्यात घसा मिटतो. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. इथे सीपॅप मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं आणि उपयोगी पडतं. दुसऱ्यात घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये हा प्रकारही बऱ्याचदा आढळतो.

या दुसऱ्या प्रकारासाठी एएसव्ही नावाचं महागडं मशीन निघालं. 2015 मध्ये 1,325 पेशंटवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं हृदयाचं पंपिंग 45 टक्के किंवा त्याहून कमी होतं. मशीन वापरणाऱ्यांत हृदयविकाराने 29.9 टक्के दगावले, न वापरणाऱ्यांत 24 टक्के. श्वास सुधारला, पण मृत्यू वाढले! मग मशीन अंदाजाने कसं घ्यायचं? नुसतं घोरणं ऐकून प्रकार ठरवता येत नाही. त्यासाठी झोपेची तपासणीच लागते.

मग करायचं काय? आज रात्री पेशंट झोपल्यावर मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांना थेट विचारा: "अ‍ॅप्निया आहे का? कोणत्या प्रकारचा? पंपिंग किती टक्के आहे?" झोपेची गोळी मनाने देऊ नका. दारू बंद. पापड, लोणचं, शेव कमी करा. मिठामुळे अंगात पाणी साठतं, आणि दिवसा पायांवर सुजेच्या रूपात दिसणारं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकून घसा आणखी अरुंद करतं. हृदयाच्या गोळ्या चुकवू नका. हृदय सुधारलं की श्वासही सुधारतो.

घरी मशीन आधीच असेल, तर हे वाचून परस्पर बंद करू नका. ते कोणतं आहे आणि कशासाठी दिलंय, एवढं डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

ट्रॅक्टर घेताना चार जणांना विचारता ना? मग हृदयाच्या बाबतीत घाई कशाला?