शेतीचें शिक्षण कोणास द्यावयाचें ?

शाश्वत शेतीचे वर्ग हल्लीं ठिकठिकाणीं भरतात. शेणखत, निंबोळी अर्क, आंतरपीक हे विषय तेथें शिकवितात, व ते अवश्यहि आहेत. परंतु बोलावणें जातें तें बहुधा सातबाऱ्यावर नांव असेल त्यास. घरांतील ताटांत काय पडतें हें जिला रोज पाहावें लागतें, ती त्या वेळीं शेतांत खुरपीत असते.

मराठवाड्याकडे पाहा. गेल्या तीस वर्षांत तेथील खरिपाची जमीन सोयाबीननें व्यापिली व मूग, उडीद, बाजरी मागें पडलीं. सोयाबीन विकून पैसा येतो हें खरें; पण तें घरीं शिजत नाहीं. पैसा सोसायटीच्या हप्त्यास व बियाण्याच्या उधारीस जातो, आणि शेतकरीच डाळ वाण्याकडून आणतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें. तें मुख्यत्वें गहूं व तांदूळ. मुलांस लागणारी डाळ-भाजी त्यांत नाहीं.

याच भागांत, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या कामांतून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें स्त्रियांस एक एकराची शेती शिकविली. घरच्या जमिनींतून अर्धा-एक एकर बाईनें मागून घ्यावा, काय पेरावें तें तिनेंच ठरवावें, धान्य, कडधान्य व भाजीपाला मिळून अनेक पिकें घ्यावींत, खत घरींच करावें आणि घरचें भागून उरेल तें विकावें. एक पीक बुडालें तरी दुसरें हातीं लागतें. संस्थेस २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. त्याच्या आदल्याच सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें, हेंहि ध्यानीं असूं द्यावें.

नगदी उत्पन्न बुडेल अशी धास्ती कित्येकांस वाटते. पांच एकरांतील चार तुमच्याकडेच राहतात कीं !

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. नमुना सातांत मालकाचें नांव, नमुना बारांत पिकाचें. खुरपणारीचें दोहोंतहि नाहीं. (बारांत मिश्र पिकांचे रकाने आहेत, अलीकडे ते बहुधा कोरेच दिसत.) नांव नाहीं म्हणून पीककर्ज नाहीं, अनुदानाचा अर्ज नाहीं. मर्जीनें दिलेला एकर मर्जीनेंच परत घेतां येतो. मग तिनें चार वर्षें घातलेलें शेणखत सोयाबीनच्या कामीं येतें. असें शिक्षण किती दिवस टिकणार ?

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली होती. पुढें १९९२ मध्यें शासनानेंहि पतीच्या अर्जावरून पत्नीचें नांव सातबाऱ्यावर लावण्याची त्याच नांवाची योजना काढली. तिचा लाभ फार थोड्यांनीं घेतला असें आमचें मत आहे. सभासदांनीं येत्या खरिपापूर्वीं तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) असा अर्ज द्यावा. आणि संस्थेनें पुढील वर्ग खुरपणी आटोपल्यावर, एखाद्या घराच्या ओसरीवर भरवावा. चावडीवर बायका बसत नाहींत.